गाण्याचा बरोबर अर्थ एकच असतो का? भावगीत शिकवणाऱ्या बाईचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नाशिकरोडला हौशी गायकांच्या एका स्पर्धेत कवी ग्रेस यांचं 'ती गेली तेव्हा' गायलात, तुमच्या डोक्यात ते पहिल्यापासून ब्रेकअपचं गाणं आहे म्हणून तसंच गायलात, आणि परीक्षकांनी स्टेजवरच माईक घेऊन सांगितलं की अर्थच चुकला, ते आईचं गाणं आहे. तुम्हाला ते लागलं. आता तुम्ही विचारताय की गाण्याला एकच बरोबर अर्थ असतो का, आणि असेल तर तो ठरवणार कोण, कवी, संगीतकार, गायक की ऐकणारा.

मी नाशिकला बरीच वर्षं सुगम संगीत शिकवते, कार्यक्रमांची निवेदनं लिहिते आणि परीक्षकाच्या खुर्चीतही बसते, त्यामुळे हा वाद मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माहितीये. आधी सरळ उत्तर देऊन टाकते. तुमचे परीक्षक त्या गाण्यापुरते बरोबर होते, पण म्हणून "प्रत्येक गाण्याला एकच अर्थ" हे बरोबर ठरत नाही. आणि तुमचं "ऐकणाऱ्याला जो वाटेल तो अर्थ" हेही मला पटत नाही. बरंच काही गाण्यावर अवलंबून असतं, ते कुठल्या जातीचं आहे, कोणासाठी लिहिलंय, तुम्ही कुठे गाताय, त्यामुळे जरा बैजवार सांगते.

तुमच्याच गाण्यापासून सुरुवात करू. 'ती' कोण यावर वाद घालायला खरं तर जागाच नाही, कारण कवितेतच पुढे स्पष्ट म्हटलंय की ती आई होती म्हणून मीही रडलो. कवीने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलंय. पुढे अंगण येतं, बालपण संपल्याची गोष्ट येते, खिडकीवरचा एकटा कंदील येतो. हे सगळं घरातलं आहे, लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवरून दिसणारं. यात प्रेयसी बसवायची तर तुम्हाला यातल्या निम्म्या ओळी ऐकू आल्याच नाहीत असं धरावं लागतं. म्हणजे मुखडा आणि पाऊस एवढंच गाणं तुम्ही घेतलं, आणि खरं सांगायचं तर बरेच लोक एवढंच घेतात, कारण मुखड्याची चाल अशी काही आहे की ती ऐकली की ज्याला त्याला आपापला पाऊस आठवतो.

पण आता गंमत बघा. 'ती' कोण हे ठरलं, तरी 'गेली' म्हणजे काय झालं हे कवीने सांगितलेलंच नाहीये. वारली, की घर सोडून गेली? दोन्ही बसतं. मी स्वतः वारली असं धरत नाही. मला ते पोर दारात उभं दिसतं आणि आई पावसात चालत जाताना दिसते, आणि ती परत येणार नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही पण कळलंय. माझी एक मैत्रीण हेच गाणं अगदी उलट समजते, तिच्या मते घरातून आईला शेवटचं नेलंय आणि आता घर रिकामं आहे. आम्ही दोघींनी यावर चहाचे कप गार केलेत. कविता दोघींना हाकलत नाही. आणि शेवटी द्रौपदीच्या वस्त्रांत कृष्णच नागडा असल्याची जी ओळ आहे, तिथे तर मोकळं मैदान आहे. कुणी म्हणतं की दुसऱ्याला झाकणाऱ्याकडे स्वतःला झाकायला काही उरत नाही, आईचं असंच असतं. कुणी म्हणतं, ज्याच्यावर भरवसा ठेवला तो रक्षणकर्ताही शेवटी लाचारच निघाला. एका कीर्तनकारांनी मला सांगितलं की कृष्ण वस्त्रं पुरवत नव्हता, तोच वस्त्र झाला होता, मग त्याच्या अंगावर दुसरं काय असणार. तिन्ही अर्थ मला पटतात आणि गाताना मी त्यातला कुठलाच 'दाखवत' नाही, 'नागडा' शब्दावर जोर न देता सरळ म्हणून टाकते. तिथे जोर दिला की ऐकणारा दचकतो आणि मग त्याला फक्त तो शब्दच आठवतो.

म्हणजे एकाच गाण्यात एक जागा पूर्ण बंद, एक अर्धी उघडी आणि एक सताड उघडी. म्हणून मला "एकच अर्थ की अनेक अर्थ" हा प्रश्नच जरा चुकीचा बसवलेला वाटतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर हद्द ठरलेली असते, आत द्राक्षं लावायची की कांदा हे ज्याचं त्याने बघायचं, तसं आहे हे. हद्द शब्दांनी ठरते. तुम्ही हद्दीबाहेर पेरलंत, परीक्षकांनी ते दाखवलं, इतकंच झालं.

आता हद्द ओळखायची कशी? पहिलं म्हणजे शब्द मुळात बरोबर पाहिजेत. हे ऐकायला बावळट वाटेल पण माझ्या क्लासात येणाऱ्या निम्म्या मुलांचे शब्दच चुकीचे असतात, कारण ते कराओके ट्रॅकखाली पळणारे किंवा नेटवर कुणीतरी कानाने ऐकून टाईप केलेले असतात. 'तोच चंद्रमा नभात'मधल्या 'चैत्रयामिनी'चं 'चित्रयामिनी' मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. कवितेवरचं गाणं असेल तर संग्रह काढून मूळ कविता बघा, सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, बहुतेक सगळे कवी मिळतात. मूळ कविता बघायचं दुसरंही कारण आहे. गाण्यात नेहमी सगळी कडवी घेत नाहीत. तीन-चार मिनिटांत बसवायचं म्हणून दोन-तीनच उचलतात, आणि कधीकधी अर्थाची किल्ली नेमकी गाळलेल्या कडव्यात असते.

दुसरं, कोण कुणाला बोलतंय आणि कधी. यावर मी मुलांचं डोकं खाते. गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती' घ्या. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, गदिमांचे म्हणजे माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची चाल, वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी, आणि त्यातलं हे बहुतेक सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं. वापरलं म्हणजे शोकसभेत वापरलं. कुणी गेलं की हे लावतात. त्यामुळे लोकांना वाटतं की हे हताश माणसाचं, नशिबापुढे हात टेकल्याचं गाणं आहे. आता प्रसंग बघा. भरत चिडून, रडून, आईला दोष देत रामाला परत न्यायला वनात आलाय, आणि राम त्याला समजावतोय की कुणाचाच दोष नाही, कैकेयीचा नाही, वडिलांचाही नाही. म्हणजे ज्याचं राज्य गेलं तोच धाकट्या भावाचा राग उतरवतोय. यात हताशपणा कुठाय? मोठ्या भावाचं धीर देणं आहे, आणि एक माणूस आईवर कायमचा डूख धरून बसेल तो धरू नये याची काळजी आहे. हे कळलं की गाणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो, रडका सूर जातो आणि खांद्यावर हात ठेवल्यासारखा सूर येतो. बाबूजींचं मूळ परत ऐका, त्यात रडणं जवळपास नाहीच.

पण म्हणून मी शोकसभेत ते लावणाऱ्याला "चूक चूक" म्हणत उठणार आहे का? नाही हो. तिथे आलेल्या बाईचा नवरा गेलाय, तिला 'दोष ना कुणाचा' एवढं ऐकायचंय, डॉक्टरचा नाही, मुलाचा नाही, तिचाही नाही. ते तिला त्या गाण्यातून मिळतंय आणि ते गाण्यात खरंच आहे. ऐकणाऱ्याने गाण्याचा केलेला उपयोग आणि गाण्याचा अर्थ या दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत झाली की तुमच्यासारखे वाद होतात. ऐकणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे. त्याला 'ती गेली तेव्हा' ऐकून कॉलेजमधली मुलगी आठवू दे, नाहीतर विकलेली बजाज स्कूटर आठवू दे, कुणी मार्क कापत नाही. गाणाऱ्याला तेवढी मोकळीक नाही कारण तो शब्द दुसऱ्यापर्यंत पोचवतोय.

आता सिनेमाची गाणी. यात वाद तसा कमी, कारण गाणं प्रसंगावर लिहिलेलं असतं, कुठलं पात्र कुठे उभं आहे हे गीतकाराला दिग्दर्शकाने सांगितलेलं असतं. सिनेमा बघा, उत्तर मिळतं. तरी गाणं सिनेमातून सुटून स्वतंत्र झालं की पन्नास वर्षांनी कुणाला प्रसंग आठवतो, मग तेही भावगीतासारखंच वागायला लागतं. पुढे जाऊ.

जास्त मजा येते ती कवीने मुद्दाम दुहेरी शिवलेल्या गाण्यांत. भा. रा. तांब्यांचं 'नववधू प्रिया मी बावरते', लताबाईंनी गायलेलं, वसंत प्रभूंची चाल. आपल्याकडे मंगल कार्यालयात नवरी स्टेजकडे निघाली की सनईवर नाहीतर स्पीकरवर हे लावतात, आणि मराठीचे मास्तर वर्गात सांगतात की ही मृत्यूवरची कविता आहे, नवरी म्हणजे जीव आणि प्रियकर म्हणजे तो पलीकडचा. मग एखादी मुलगी घाबरून माझ्याकडे येते, "मॅडम माझ्या ताईच्या लग्नात मी हे गायले, अपशकुन झाला का?" काही नाही झालं. पहिला अर्थ खोटा नाहीये. माहेरचा लळा, बागबगीचा सोडताना गळा दाटणं, जवळ जायची ओढ आणि भीती, हे सगळं कुठल्याही नवरीचं अगदी खरं आहे. फक्त शेवटी 'खरे घर ते' असं येतं, तिथे विचार करणाऱ्याला ठेच लागते, की सासर खरं घर आणि माहेर पळभराचं, असं इतक्या ठामपणे का म्हणतोय हा? तिथून मागे वळून बघितलं की दुसरं गाणं दिसायला लागतं.

हे गायचं कसं, हे जरा नीट सांगते कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच जास्त सापडतं. ज्यांना मृत्यूचा अर्थ नुकताच कळलेला असतो ते लोक पहिल्या ओळीपासून गंभीर होतात, लय पाडतात, आवाज जड करतात, चेहरा असा की बघा हं, मला आतलं कळलंय. गाणं मेलंच तिथे. नवरी बावरलीच नाही तर मृत्यू कुठून येणार? मी सांगते की आधी शंभर टक्के नवरी गा. 'लाजते, पुढे सरते, फिरते' हे तीन शब्द तीन हालचाली आहेत, त्यात खरोखर एक पाऊल पुढे आणि एक मागे ऐकू आलं पाहिजे, तिथे एका दमात सरसर गेलात तर नवरी फेरफटका मारायला निघाल्यासारखी वाटते. दुसऱ्या अर्थासाठी मी फक्त एक करायला सांगते, शेवटच्या कडव्यात जिथे ती त्यालाच म्हणते की आता तूच माझी भीती घालव, तिथे आवाजातली लाडी काढून टाकायची. रडायचं नाही, हळूही व्हायचं नाही, नुसता लाडिकपणा काढायचा. ज्याला ऐकू यायचं त्याला येतं. लग्नाच्या हॉलमधल्यांना छान गाणं ऐकल्यासारखं वाटतं आणि कोपऱ्यात बसलेले एखादे आजोबा एकदम मान वर करतात.

आपल्या परंपरेत हे नवीन नाही. एकनाथांचा विंचू चावतो तो कामक्रोधाचा, भारुडात तसं सांगूनच टाकलंय. ज्ञानोबांच्या विरहिणीत बोलणारी बाई आहे आणि वाट बघणं विठ्ठलाचं आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या नाशकातून त्र्यंबकला जातात, त्यात तंबाखू मळत चालणारे बुवा विरहिणी म्हणतात, त्यांना "हा अर्थ की तो" असं विचारा, ते तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. त्यांना दोन्ही एकदम ऐकू येतात. आपण शाळेत 'कवीला काय म्हणायचे आहे' या पाच मार्कांच्या प्रश्नात वाढलो म्हणून आपल्याला एकच उत्तर लागतं, आणि ते गाईडमध्ये छापलेलं असलं तर अजूनच बरं.

नाशिककर म्हणून एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाण्याच्या 'खऱ्या अर्था'वरून या शहरात माणूस काळ्या पाण्यावर गेलाय. कवी गोविंद आपल्या नाशकातले, पायांनी अधू, अभिनव भारत या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेतल्या मंडळींचे कवी. त्यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर, म्हणजे स्वातंत्र्यवीरांच्या थोरल्या भावावर, खटला झाला आणि १९०९ च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप झाली, अंदमान. कवितांत वरवर बघितलं तर देवांची नावं, शिवाजी महाराजांचं नाव. म्हणजे कोर्टाला ठरवायचं काय होतं, तर या कविता पुराणातल्या आहेत की आजच्या सरकारबद्दल आहेत. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकरांनी अपिलाच्या निकालात लिहिलं त्याचा आशय असा, की ही नावं नुसतं निमित्त आहेत, सांगायचं ते एवढंच की तलवार उचला आणि परकं सरकार उलथा. पुढे हाच खटला वर पाठवणारा कलेक्टर जॅक्सन डिसेंबरमध्ये इथेच विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आला असताना, अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीने मेला. ते सगळं तुम्हाला माहिती असेल.

माझा मुद्दा वेगळाय. कोर्टाने लावलेला अर्थ मराठी वाचणारा म्हणून मला बरोबर वाटतो. 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' असं विचारणारा हा कवी, त्याच्या देवादिकांच्या कवितेत काय चाललंय हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून तर त्या गायल्या जात होत्या. शिक्षा रानटी होती पण वाचन अचूक होतं. म्हणजे जे लोक म्हणतात की कवितेला नक्की अर्थ नसतोच, सगळं ज्याच्या त्याच्या मनावर, त्यांनी याचं उत्तर द्यावं. अर्थ नक्की नसता तर बाबाराव सुटले असते, आणि कविता कुणी म्हटल्याही नसत्या. काही गाण्यांत दुसरा अर्थ हा शोभेला नसतो, लपायला असतो, आणि तिथे 'खरा' अर्थ एकच असतो.

आणि त्याच गोविंदांचं दुसरं टोक बघा. 'सुंदर मी होणार' ही त्यांची कविता. नुसतं ध्रुवपद ऐकलं तर ब्युटी पार्लरची जाहिरात वाटेल. एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी यावर मुलींना पावडर-कुंकू लावण्याचा नाच करताना पाहिलंय, खरंच, आरसे बिरसे घेऊन. पण पुढच्याच शब्दात 'मरणाने जगणार' आहे. जन्मभर लुळ्या पायांनी बसून काढलेला माणूस मृत्यूकडे बघून म्हणतोय की आता हे जुनं शरीर जाणार आणि मी सुंदर होणार. इथे तर लपवलेलंही काही नाही, पुढची ओळ वाचायचेच कष्ट आहेत. असल्या ठिकाणी मी "तुमचा अर्थ वेगळा, माझा वेगळा" असं म्हणून गोड बोलत नाही. तो नाच चुकीचा होता.

आता कवीबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की कवीला वाटेल तोच अर्थ का. कवीच्या मनात काय होतं याला मी वजन देते पण शेवटचा शब्द देत नाही. एक तर बहुतेकांनी सांगून ठेवलेलं नसतं. दुसरं म्हणजे कवीही कुणाचा तरी अर्थ लावतच असतो. 'तोच चंद्रमा नभात' हे शांताबाई शेळक्यांचं गाणं शीलाभट्टारिका या जुन्या काळच्या कवयित्रीच्या एका संस्कृत श्लोकावरून सुचलेलं आहे. त्या श्लोकात बोलणारी बाई आहे, नवरा तोच, चैत्राच्या रात्री त्याच, तरी मन जुन्या नदीकाठच्या भेटीकडे ओढ घेतंय असं ती म्हणते. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला, आणि ओढीच्या जागी चक्क प्रेम विझल्याचं दुःख आणलं. श्लोकाचा 'बरोबर' अर्थ त्यांनी पाळला का? नाही. गाणं वाईट झालं का? काय बोलताय!

आणि या गाण्याची आपण जी वाट लावतो ती बघा. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असतं, कुणीतरी म्हणतं "काका, तोच चंद्रमा होऊन जाऊ द्या", आणि काका मुखडा आणि पहिला अंतरा गातात, काकू लाजतात, टाळ्या पडतात. गाण्यात चैत्र आहे आणि आपण आश्विनात गातोय हे सोडून द्या, चंद्र आहे ना, झालं. पण पुढच्या अंतऱ्यात तो विचारतोय की सगळं तेच असून ती धुंदी आज कुठे गेली, आणि शेवटच्या अंतऱ्यात तर वाळलेल्या फुलांत वास शोधतोय, सूर भंगलेत. शेजारी बसलेल्या बायकोला उद्देशून हे पूर्ण गायलं तर दूध पिऊन झाल्यावर घरी भांडण व्हावं असं हे गाणं आहे! दोन अंतरे गाळले की तेच गाणं उलट्या अर्थाचं होतं. चाल इतकी गोड आहे की खटकतही नाही. इथे अर्थ कवीने नाही, ऐकणाऱ्याने नाही, "वेळ कमी आहे, एकच अंतरा घ्या" म्हणणाऱ्या आयोजकाने ठरवला. हे मी थट्टेने म्हणत नाहीये, कार्यक्रमात अर्थाचं सगळ्यात जास्त नुकसान असंच होतं, आणि निवेदनात मी काहीही लिहून दिलं तरी ते भरून येत नाही.

चालीबद्दलही थोडं. संगीतकार हा कवितेचा पहिला वाचक, आणि बाकी सगळ्यांना तो आपलं वाचन ऐकवतो, म्हणून गाण्याचा अर्थ कागदावरच्या कवितेपेक्षा नेहमी जरा अरुंद असतो. एखादा अभंग भजनी मंडळात टाळ-पखवाजावर ऐकलेला आणि तोच मैफिलीत बैठकीच्या चालीत ऐकलेला, दोन वेगळी माणसं बोलताहेत असं वाटतं. पहिल्यात गर्दी बोलते, दुसऱ्यात एकटा. शब्द तेच. तुम्ही जी चाल उचलता तिच्याबरोबर तिचा अर्थही उचलता, मग 'ती गेली तेव्हा'ची हृदयनाथ मंगेशकरांची चाल घेऊन त्यात ब्रेकअप बसवायला गेलं की शब्दही नाही म्हणतात आणि काही ठिकाणी सूरही.

आणि वाचणारा कुठला आहे हेही असतंच. तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, 'कणा' कविता, पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो ती. बाहेरगावच्या मुलांना 'गंगामाई' म्हटलं की काशीची गंगा दिसते. नाशिकचं पोर मात्र गोदावरीलाच गंगा म्हणत मोठं झालेलं असतं, त्याला गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढलेलं गढूळ पाणी दिसतं आणि सराफ बाजारात चिखल उपसणारी माणसं. कविता दोघांना कळते पण नाशिकच्या पोराला ती घरची वाटते, आणि हा फरक कुठल्या परीक्षकाने मिटवू नये.

तर एवढ्यातून तुमच्यापुरतं काय ते सांगते. शब्द काय नाकारतात ते आधी बघायचं, मग कोण कुणाशी बोलतंय ते, मग उरलेल्या जागेत स्वतःचं जे असेल ते घालायचं. गाताना मात्र एकच अर्थ धरायचा आणि शेवटपर्यंत धरायचा, मनात दोन ठेवून गायलं की आवाज गुळमुळीत होतो. तुमचा अर्थ टिकतो की नाही याची माझी परीक्षा साधी आहे, तो धरून शेवटच्या ओळीपर्यंत जाता येतं का? वाटेत कुठली ओळ गाळावी, पुटपुटावी किंवा पटकन उरकावी असं वाटलं तर समजा अर्थ तिथे फाटतोय. तुम्ही रेकॉर्डिंग ऐकवलं नाहीयेत पण मी पैज लावते की 'आई'च्या ओळीवर तुम्ही घाई केली असेल.

परीक्षकांबद्दल. त्यांनी स्टेजवर सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, ते खाजगीत सांगायचं असतं. मी गुणपत्रिकेवर 'अर्थ' असा रकाना असेल तर त्यात अर्थ माझ्याशी जुळतो का हे बघत नाही, गाणाऱ्याने कुठलातरी एक अर्थ घेतलाय का आणि शब्द त्याला साथ देताहेत का हे बघते. माझ्यापेक्षा वेगळा अर्थ घेऊन कुणी मला पटवलं तर मी दोन मार्क जास्तच देते. सगळे परीक्षक असे नसतात, काहींना त्यांच्या गुरूंनी सांगितलेला अर्थच लागतो, तर स्पर्धेत उतरताना तेवढं गृहीत धरा.

आणि ती मुलगी, जी तुम्हाला या गाण्यात आठवते, तिला काढून टाकायची गरज नाही. तिच्या जाण्याचं जे दुखणं आहे ते वापरा, फक्त त्याला वय कमी करा. तुम्ही तेविसाव्या वर्षीच्या रागाने गाताय, गाण्यातला मुलगा आठ-दहा वर्षांचा असेल. त्याला राग नाहीये, त्याला अजून नीट कळलेलंच नाहीये. अंगणाच्या ओळीला आवाज थोडा पातळ ठेवा, खर्जात जाऊ नका, आणि शेवटचं कडवं गाळणार नसाल तर पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्या, नाहीतर तिथे दम पुरणार नाही. पुढची फेरी कधी आहे ते सांगा, त्याआधी रेकॉर्डिंग पाठवलंत तर ऐकून सांगेन.